शुश्रूषा : उपकार की देणे?



काही शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की त्यांच्या पोटात काय दडले आहे, हे पाहण्याची गरजच आपणांस भासत नाही. 'शुश्रूषा' हा असाच एक शब्द आहे. आजाऱ्याची सेवा, एवढाच त्याचा अर्थ आपण धरून चालतो. परंतु हा शब्द संस्कृतातील 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. शिष्य गुरूचे ऐकू इच्छितो, म्हणून त्याच्याजवळ राहतो, त्याची कामे करतो. अशा रीतीने ऐकण्याच्या इच्छेला पुढे आज्ञाधारकपणाचा आणि मग सेवेचा अर्थ प्राप्त झाला. बायबलच्या भाषांतराचे काम करताना शब्दांच्या मुळाशी जाण्याची सवय जडते. तथापि, शब्दाचे मूळ म्हणजे त्याच्या आजच्या अर्थाचा पुरावा नव्हे, हेही त्याच कामाने शिकविले आहे. म्हणून केवळ व्युत्पत्तीच्या बळावर मी काही सिद्ध करू इच्छित नाही. या शब्दाने एक प्रश्न मात्र सुचविला, तो आपणांपुढे ठेवतो.

रुग्णाचे ऐकून घेणे हा त्याच्यावर केलेला उपकार आहे, की ते त्याचे आपल्याकडे असलेले देणे आहे? औषध वेळेवर दिले, सलाईन लावले, अंथरूण बदलले, की कर्तव्य पुरे झाले. त्याउपर कोणी दोन शब्द ऐकले तर तो त्याचा चांगुलपणा, असे आपण सामान्यतः मानतो. हे मत कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी मी एकच उदाहरण घेतो. अस्थिमज्जेचे, अर्थात रक्ताच्या मूळ पेशींचे, प्रत्यारोपण झाल्यानंतर रुग्णाला जी गुंतागुंत सोसावी लागते, तिच्यातील परिचर्येचे हे उदाहरण आहे.

प्रथम या उपचाराची थोडी ओळख करून घेऊ. हाडांच्या पोकळीत मज्जा असते आणि तिच्यातील मूळ पेशींपासून आपले सारे रक्त तयार होते. रक्ताचा कर्करोग, थॅलसेमिया, मज्जा सुकून जाण्याचा आजार अशा व्याधींत ही मज्जाच बिघडलेली असते. तेव्हा तीव्र औषधांनी, कधी किरणोपचारानेही, ती नष्ट करून तिच्या जागी निरोगी पेशी घालतात. त्या कधी रुग्णाच्या स्वतःच्या, आधी काढून ठेवलेल्या असतात. कधी भावाबहिणीच्या, तर कधी एखाद्या अनोळखी दात्याच्या. पाहणाऱ्यास यात शस्त्रक्रियेसारखे काहीच दिसत नाही. रक्त चढवावे तशी एक पिशवी शिरेतून चढविली जाते. अमेरिकेतील डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५७ साली अशा पहिल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. याच थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या तेहतीस वर्षांत शास्त्र पुढे गेले, तसेच रुग्णाला त्या दिवसांतून पार नेण्याची कलाही पुढे गेली. आपल्या देशात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी मार्च १९८३ मध्ये पहिले प्रत्यारोपण केले. एका लहान मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली होती. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात हे कार्य १९८६ पासून चालू आहे. आज बंगळूर शहरात व त्याच्या आसपास अशी अनेक केंद्रे आहेत.

पेशी चढविल्या त्या दिवसाला 'शून्य दिवस' म्हणतात. वर्तमानपत्रांतील बातमी बहुधा येथे संपते आणि परिचारिकेचे खरे काम येथून सुरू होते. नव्या पेशी रुजून रक्त तयार करू लागण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. त्या काळात रुग्णाच्या अंगात स्वतःचे संरक्षण असे जवळजवळ काहीच उरत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये ५०० च्याही खाली, कधी शून्यावर येतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या बोटाला जखम होऊन ती चिघळली तर तेथे लाली येते, सूज येते, पू होतो. हा पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. ज्याच्या अंगात त्या पेशीच नाहीत, त्याला पू कोठून होणार? छातीत घातलेल्या नळीच्या तोंडाशी जंतू शिरले तरी तेथे ना लाली, ना सूज. निरोगी देह आपल्या दुखण्याची मोठ्याने हाक देतो. या देहाची हाक देण्याची शक्तीच गेलेली असते. उरतो तो केवळ ताप, आणि स्टिरॉइड चालू असल्यास तोही झाकला जातो. म्हणून तापमान एकदाच १०१ अंश फॅरनहाइट झाले, किंवा १००.४ वर तासभर राहिले, की तासाभराच्या आत प्रतिजैविक सुरू व्हावे, असा दंडक आहे. परंतु कित्येकदा तापाच्याही अगोदर रुग्ण एवढेच म्हणतो, "सिस्टर, आज बरं वाटत नाही." कोणत्याही चाचणीत न दिसणारे हे वाक्य ज्या परिचारिकेने ऐकून न ऐकल्यासारखे केले नाही, तिने नाडी पुन्हा पाहिली, रक्तदाब पुन्हा मोजला, डॉक्टरांना बोलावले. असे मिळालेले दोन-तीन तास कधी कधी प्राण वाचवितात.

दुसरी गोष्ट तोंडाची. तीव्र औषधांनी तोंडाची व घशाची आतील त्वचा सोलवटून निघते. साधारणतः दुसऱ्या आठवड्यात हा त्रास टोकाला जातो. पाणी गिळवत नाही, थुंकीसुद्धा नकोशी होते आणि बोलणे तर बंदच पडते. परिचारिकेजवळ यावर काही साधे उपाय असतात. मेल्फालन नावाचे औषध शिरेतून देत असताना रुग्णाला बर्फाचे तुकडे चघळावयास दिले, तर तोंडाच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तेथे कमी पोहोचते आणि फोड कमी येतात. बर्फाची किंमत ती काय! पण चघळणे अर्धवट सोडून द्यावेसे वाटणाऱ्या रुग्णाजवळ कोणी तरी बसावे लागते. पुढे दिवसातून अनेक वेळा तोंड साफ करणे, मऊ ब्रश, गुळण्या, वेदनाशामक औषधाची वेळ सांभाळणे, हा क्रम दिवसेंदिवस चालतो. ज्याला बोलताच येत नाही, त्याचे ऐकावयाचे कसे? पाटीवरच्या अक्षरांवरून, कपाळावरच्या आठीवरून, गिळताना मिटलेल्या डोळ्यांवरून. येथे ऐकणे हे केवळ कानांचे काम उरत नाही.

तिसरी गुंतागुंत मनाला अधिक चटका लावणारी आहे. दात्याच्या पेशी रुजतात, वाढतात आणि मग नव्या घराला परके समजून त्याच्यावरच उलटतात. त्वचा, आतडी आणि यकृत यांवर हा हल्ला प्रामुख्याने होतो. तीव्र स्वरूपात तो बहुधा पहिल्या शंभर दिवसांत दिसतो. भावाने प्रेमाने दिलेले दानच भावाला जाळू लागते. याची सुरुवात फार लहान असते. तळहातांची, तळपायांची आग होते, कानांच्या पाळ्या लाल दिसतात, पोटात मुरडा येऊन पाण्यासारखे जुलाब होतात. ते किती झाले, हे अंदाजाने सांगून चालत नाही. मापाच्या भांड्यात मिलिलिटरमध्ये मोजून लिहावे लागते, कारण त्या आकड्यावरच हल्ल्याची पायरी ठरते. यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कोंडल्या तर वजन भराभर वाढते, उजव्या बरगडीखाली दुखते, डोळे पिवळे होतात. म्हणून रोज वजन करावे लागते, पोटाचा घेरही फितीने मोजावा लागतो. या साऱ्यात लाज आडवी येते. एखादा वयस्क शिक्षक किंवा नुकतीच लग्न झालेली मुलगी, आपले जुलाब कोणी मोजावेत या कल्पनेने अर्धी हकिगत गिळून टाकते. परिचारिकेच्या चेहऱ्यावर किळस दिसली की उरलेली हकिगतही कायमची बंद होते. तेव्हा किळस न दाखविणे हा येथे केवळ शिष्टाचार राहत नाही. निदान त्याच्यावर अवलंबून असते.

आता मी सर्जापूर रोडकडे वळतो. बंगळूरचा हा रस्ता कोरमंगल भागातून निघून आग्नेयेस सर्जापूर गावाकडे जातो. आज तो संगणक कंपन्यांसाठी व वाहनांच्या खोळंब्यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या शहराकडील टोकाला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९६३ साली महाविद्यालय स्थापिले. रुग्णालय १९७५ साली उभे राहिले. परिचर्येचे महाविद्यालयही त्याच आवारात आहे. या शहरातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जा, भाषांचा मेळा आपणांस दिसेल. परिचारिकांत केरळच्या अनेक, डॉक्टर निरनिराळ्या प्रांतांतले, आणि खाटेवर बेळगावकडची, सोलापूरकडची मराठी बाई. ऐकण्याचा प्रश्न येथे अगदी उघडा होऊन समोर येतो.

दुखण्यासाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत, ते आठवून पाहा. कळ, ठणका, चमक, सल, मुरडा, जळजळ, आग, ठुसठुस, टोचणी, झिणझिण्या. हे एकमेकांचे पर्याय नव्हेत. आतड्यावरील हल्ल्यात मुरडा येतो, घशाच्या फोडांत जळजळ होते, त्वचेवरील हल्ल्याच्या आरंभी हातापायांची आग होते, आणि काही औषधांमुळे बोटांना झिणझिण्या येतात. ग्रामीण भागातील आपल्या आजीबाईने हा फरक अचूक सांगितलेला असतो. मग तो सोबतच्या मुलाच्या तोंडून हिंदीत जातो, तेथून इंग्रजीत कागदावर उतरतो आणि शेवटी उरते ते एवढेच की रुग्णाला 'दर्द' आहे. भाषांतरकार म्हणून मला ठाऊक आहे की नेमका शब्द न सापडला म्हणजे मोठा व्यापक शब्द वापरून वेळ निभावून नेण्याचा मोह होतो. ग्रंथात त्याने वाक्य निस्तेज होते; येथे लक्षण हरवते.

याहून मोठा धोका निराळाच आहे. दुभाष्या नात्यातला असला की तो प्रेमापोटी गाळतो. आई म्हणते, "रात्रभर डोळा लागला नाही, आता पुरे झालं रे." मुलगा सिस्टरला सांगतो, "ठीक आहे म्हणते." आईचे दुःख चारचौघांत उघडे पडू नये, अशी त्याची इच्छा असते, तिला वाईट म्हणता येणार नाही. परंतु जो बोलला त्याचे बोलणे ज्याच्यासाठी होते त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. अशा वेळी रुग्णाच्या भाषेतील दहा-पंधरा शब्द भिंतीवर लिहून ठेवणे, शरीराच्या चित्रावर बोट ठेवून दाखवावयास सांगणे, दुखणे शून्य ते दहा या आकड्यांत विचारणे, हे उपाय क्षुल्लक वाटले तरी क्षुल्लक नव्हेत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "हे सारे खरे, पण ऐकण्याचे काम आता यंत्रे अधिक चांगले करतात." यंत्रांचे मोल मी कमी लेखीत नाही. नाडी, श्वास, रक्तातील प्राणवायू यांवर ती अखंड नजर ठेवतात, थकत नाहीत. परंतु यंत्र, विचारावयास ठरविलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. "आज बरं वाटत नाही" हे उत्तर कोणत्याही ठरविलेल्या प्रश्नाचे नसते. शिवाय, यंत्राने घंटा वाजविली तरी ती ऐकावयास कोणी तरी जागे असावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऐकणे हे देणे मानले, तर रुग्ण म्हणेल ते करावयाचे काय? तोंड सोलवटलेला रुग्ण हात जोडून म्हणतो, "आज तोंड धुऊ नका." लहान मूल रडते, "आईजवळ झोपू दे." बापाला वाटते, गावाहून आलेल्या आजोबांना, त्यांना सर्दी असली तरी, नातवाला एकदा पोटाशी धरू द्यावे. शुश्रूषा या शब्दाला आज्ञाधारकपणाची छटा आहे खरी, परंतु येथे ऐकणे आणि ऐकल्याप्रमाणे करणे यांत भेद केलाच पाहिजे. तोंड न धुतल्यास तेथूनच जंतू रक्तात शिरतील, म्हणून परिचारिका ते काम सोडणार नाही. पण नकार ऐकून ती आधी वेदनाशामकाची वेळ पाहील, अर्धा तास थांबेल, ब्रशाऐवजी ओला बोळा घेईल. नकारात जी माहिती होती ती तिने घेतली, त्याप्रमाणे आपले काम बदलले, पण काम सोडले नाही. रुग्णाची इच्छा आणि रुग्णाचे हित यांत विरोध येतो तेव्हा ऐकून घेतल्याशिवाय केलेली सक्ती आणि ऐकून घेऊन धरलेला आग्रह, या दोहोंत नैतिक दृष्ट्या मोठे अंतर आहे. रुग्णाला ते अंतर तत्काळ कळते.

प्रत्येक प्रत्यारोपण यशस्वी होत नाही, हेही सांगितले पाहिजे. कधी पेशी रुजत नाहीत, कधी मूळ आजार परततो, कधी हल्ला औषधांना दाद देत नाही. मध्यरात्री रुग्ण विचारतो, "सिस्टर, मी वाचेन ना?" हा प्रश्न डॉक्टरांच्या फेरीत क्वचितच विचारला जातो, तो रात्रपाळीसाठी राखून ठेवलेला असतो. खोटे आश्वासन देणे म्हणजे प्रश्न ऐकण्याचे टाळणेच होय. परिचारिका प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देऊ शकते, "तुम्हाला आज कशाची भीती वाटते?" आणि मग बसू शकते. वैद्यकीय गुंतागुंतीवर हा इलाज नव्हे, तरीही ज्याच्यापाशी दुसरे काही उरले नाही त्याचे हे शेवटचे देणे आहे.

आता देण्याचा प्रश्न आला म्हणजे ते कोणी फेडावयाचे, हाही प्रश्न येतो. ऐकण्यास वेळ लागतो आणि वेळ म्हणजे माणसे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार अध्यापन रुग्णालयात सर्वसाधारण तीन रुग्णांमागे एक आणि इतर सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी काय स्थिती असते, ते वाचकांना मी सांगावयास नको. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली असे दाखविले की, परिचारिकेकडील रुग्णांत एकाची भर पडली, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तेव्हा परिचारिकांची जागा रिकामी ठेवून पैसे वाचविणारा अधिकारी केवळ हिशेब करीत नाही. कोणाचे ऐकले जाणार नाही, हे तो ठरवीत असतो. बारा तास उभ्या असलेल्या परिचारिकेला 'प्रेमाने ऐका' असा उपदेश करणे आणि तिच्याकडे दहा रुग्ण सोपविणे, ही दोन्ही एकाच तोंडाने करता येत नाहीत.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. त्यातील एका पात्राकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शोमरोनी एक रात्र थांबला आणि सकाळी आपल्या वाटेने गेला. पुढचे सारे दिवस त्या जखमी मनुष्याची काळजी कोणी घेतली? उतारशाळेच्या मालकाने. जखमा बांधणाऱ्याचे नाव जगभर झाले. ज्याने रात्री उठून पाणी दिले असेल, ताप पाहिला असेल, त्याच्याविषयी आपण प्रवचन ऐकत नाही. मात्र शोमरोन्याला त्याची जाणीव होती. त्याने आगाऊ पैसे दिले आणि अधिक लागल्यास परतल्यावर देण्याचा शब्द दिला. दीर्घ शुश्रूषा फुकट होत नाही, तिचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो, हे तो समजून होता.

उतारशाळा आजही आहेत. मुंबईत दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयातील कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातलग राहतात. बंगळुरातही रुग्णालयांजवळच्या गल्ल्यांतून भाड्याच्या खोल्या घेऊन कुटुंबे दिवस काढतात. कारण रुग्णालयातून सुटी मिळाली तरी शंभर दिवस जवळ राहावयाचे असते. तेथे आईच परिचारिका होते. औषधांच्या घड्याळी वेळा, उकळलेले पाणी, ताजे शिजविलेले अन्न, दर वेळी साबणाने धुतलेले हात, हे सारे ती शिकते. तिने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावयाची असते. अंग तापले म्हणून क्रोसिनची गोळी देऊन सकाळची वाट पाहावयाची नाही. कारण गोळीने ताप उतरतो, पण जंतू उतरत नाहीत, आणि देहाची जी एकुलती एक हाक उरली होती तीही दाबली जाते. रात्री दोन वाजताही केंद्रात दूरध्वनी करावयाचा. तो करताना तिला संकोच वाटू नये, अशा आवाजात पलीकडून उत्तर येणे, हीदेखील शुश्रूषाच होय.

वाचकहो, आपणांपैकी बहुतेक जण परिचारिका नाहीत. तथापि अशा घराशी आपला केव्हा ना केव्हा संबंध येईल. तेव्हा समूहाने खोलीत शिरून प्रार्थना करण्याचा आग्रह धरू नका; दाराबाहेरून, खिडकीतून, दूरध्वनीवरून केलेली प्रार्थना कमी प्रतीची नसते. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. फुले नेऊ नका. ओल्या फुलांत व मातीत बुरशी असते. रक्त द्या, प्लेटलेट्स द्या. त्यांची गरज आठवडेच्या आठवडे असते. ज्या भावाने मज्जा दिली त्याचीही विचारपूस करा. आपल्याच पेशींनी भावाला पोळले, या विचाराने तो आतल्या आत झुरत असतो आणि त्याचे ऐकण्याचे कोणालाच सुचत नाही. आईला एक दुपार झोपू द्या. आणि रुग्ण बोलू लागला तर आपल्या ओळखीच्या कोणाला असाच आजार होऊन तो कसा बरा झाला, ही गोष्ट सांगण्याची घाई करू नका.

प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचे संरक्षण इतके पुसले जाते की बालपणी घेतलेल्या लसी त्याला काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात. तो वयाने चाळीस वर्षांचा आणि रक्ताने तान्हा असतो. तान्ह्या मुलाचे रडणे ऐकून आई उठते, तेव्हा तिने मुलावर उपकार केला, असे आपण म्हणत नाही. त्या रडण्याचा तिच्यावर हक्क असतो. ज्याचा देह हाक देण्याचे विसरला आहे, त्याचाही आपल्यावर तसाच हक्क आहे.